दाराकडचा कान

माझं दुकान जिन्याखाली आहे. वर दातांचा दवाखाना, त्याच्यावर शिकवणीचे वर्ग, त्यामुळे दिवसभर डोक्यावरून पायांची ये-जा चालू असते. दुकान म्हणजे काय, एक काचेचं कपाट, मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले इअरफोन आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्याच्यावर सहसा कोणी बसत नाही. मी स्वस्तातले इअरफोन विकतो. महाग मालाला चौकात मोठी दुकानं आहेत. तिथे थंड हवा असते आणि गोड बोलणारी मुलं असतात. माझ्याकडे दोन्ही नाही.

हल्लीचं गिऱ्हाईक येतं तेच कानात काहीतरी घालून. भिंतीकडे बोट दाखवतं. मी काही विचारलं की उपकार केल्यासारखा एक कान मोकळा करतं. मी सांगायला लागतो, की बाबा, रोजच्या वापरासाठी घेतोस ना, मग आधी पुढचं रबर बघ. ते तुझ्या कानाच्या मापाचं नसेल तर कितीही चांगला पीस घेतलास तरी डब्यातून ऐकल्यासारखं वाटेल. मग वायर बघ, पिनेपाशी जाड आहे का, कारण मरतो तो तिथेच मरतो. आणि खोक्यावर बेस-बेस म्हणून बोंब मारलेली असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस. एवढं सांगेपर्यंत त्याने कान परत बुजवलेला असतो. मग मी गप्प बसतो. बायको मुलाकडे गेली आहे, नातवाला सांभाळायला, आणि तिथे ती चांगली रमली आहे. म्हणजे घरी गेल्यावर तोंड उघडायचं ते घास घ्यायलाच. हे रडगाणं नाही. ऑपरेटरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला इतकं बरं का वाटलं, ते कळावं म्हणून सांगितलं.

त्या आल्या आणि सरळ स्टुलावर बसल्या. पाठ ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले, अंगात दोन मोठ्या खिशांचा स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. काय आवाज होता! शब्द न् शब्द सुटा, कुठे घाई नाही, कुठे ओरड नाही. म्हणाल्या, "मला कानात घालून ऐकायचं काहीतरी द्या. रोज ऐकायला. फार महाग नको आणि फार रडकंही नको."

मी माझं भाषण सुरू केलं. त्यांनी ते सगळं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, मान जराशी वळवून, उजवा कान माझ्याकडे करून ऐकलं, मध्येच विचारलंसुद्धा, की रबर मऊ चांगलं का कडक, आणि चपटी वायर खरंच कमी गुंतते का. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी भिंतीवरचे निम्मे पीस खाली काढले. बोलता बोलता कळलं, की त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर गेली. म्हणजे बाहेरून कोणीही फोन केला की आधी यांचा आवाज, मग डॉक्टर, मग बातमी काय असेल ती. अख्ख्या गावाने यांचा आवाज ऐकला असेल आणि चेहरा कोणी ओळखत नसेल. मी तेव्हाच मनात त्यांचं नाव ऑपरेटरबाई ठेवून टाकलं.

सगळ्यात लहान मापाचं रबर चढवून मी पीस त्यांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या कानात घालून पाहिला, जरा फिरवला आणि बसला म्हणाल्या. दुसरा बघायची गरज मलाही वाटली नाही. एका कानात बसला की दुसऱ्यात बसतोच. स्वच्छ आवाजाचा, साध्या काळ्या वायरचा पीस होता, घरातल्या माणसाला देईन असा. पिशवीत घालून त्या गेल्या आणि स्टूल पुन्हा रिकामं झालं.

चारपाच दिवसांनी परत आल्या. वस्तू परत घेऊन येणारं गिऱ्हाईक बाह्या सरसावूनच येतं, त्यामुळे मीही आवाज चढवायच्या तयारीत होतो. पण बाई आधीसारख्याच स्टुलावर बसल्या, पीस नीट गुंडाळून काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, की याच्यात पुरुषाचा आवाज येत नाही.

आता इतकी वर्षं धंद्यात आहे, तक्रारी हजार प्रकारच्या ऐकल्या. वायर कुत्र्याने चावली, रबर कानात राहिलं, नवऱ्याने त्याच्यावर बसून मोडला. पण इअरफोन बायकांचा आवाज देतो आणि पुरुषांचा गाळतो, ही तक्रार नवीनच होती. मी माझ्या फोनवर एक गाणं लावलं, पुरुषाच्या आवाजातलंच, दोन्ही कानांत घालून ऐकलं. छान येत होतं. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या गाण्यात येत असेल, माझ्याकडच्यात येत नाही. तुमच्याकडचं म्हणजे काय ते दाखवा, असं म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी फोन चटकन स्वेटरच्या खिशात टाकला.

"ते घरातलं आहे," त्या म्हणाल्या.

मग एकदम सगळंच बोलल्या. त्यांचे यजमान माइकवाले होते. सभा, समारंभ, शाळेची संमेलनं, जिथे कुठे आवाज मोठा करायचा असेल तिथे यांच्या पेट्या जायच्या. हॉस्पिटलच्या सभागृहातही तेच यायचे आणि तिथून बोर्डावर फोन करून वीजवाल्याला बोलवा म्हणून सांगायचे. पुढे पुढे वीज चालू असली तरी फोन यायला लागला. अशी दोघांची ओळख नुसत्या आवाजाची, कितीतरी दिवस. "प्रत्यक्ष भेटलो तेव्हा दोघांचीही जरा निराशाच झाली," बाई म्हणाल्या. "आवाजाच्या मानाने ते उंचीला फारच कमी निघाले. मीही काही विशेष नव्हते. पण तोपर्यंत उशीर झाला होता." हे सांगताना त्या हसल्या, आणि हसू थोडं जास्त वेळ चेहऱ्यावर राहिलं.

यजमानांना जाऊन काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. पेट्या, माइक, वायरींची भेंडोळी सगळं पुतण्याने नेलं, तोच आता धंदा चालवतो. परवा त्या सामानात त्याला एक जुनी कॅसेट सापडली. त्याने ती कुठूनशी फोनवर घेऊन काकूला पाठवून दिली. स्वतः ऐकली नाही, त्याला वेळ कुठला. काकूने ऐकली. त्यात काय होतं, तर एकदा नवे माइक आणले होते, ते घरीच तपासताना यजमानांनी एक माइक बाईंच्या गळ्याशी लावला, बाई स्वयंपाकघरात, आणि दुसरा स्वतःला लावून ते बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. मध्ये लांबलचक वायरी. असे दोघं दोन खोल्यांतून एकमेकांशी काहीबाही बोलले आणि ते टेप झालं. बस, एवढंच. ना गाणं, ना भाषण.

पण बाईंचा फोन एकदा भांडी घासताना पाण्यात पडला होता, तेव्हापासून त्याचा स्पीकर फाटका. त्याच्यावर लावलं की बाईंचं बोलणं कसंबसं कळायचं, आणि यजमानांचा नुसता घर्रघर्र आवाज, शब्द एकही नाही. शिवाय भिंत पातळ. शेजारणीने एके दिवशी विचारलं, की पाहुणे आले होते का तुमच्याकडे, पुरुषाचा आवाज येत होता. त्या दिवसापासून बाईंनी ते मोठ्याने लावायचं बंद केलं आणि इअरफोन घ्यायला निघाल्या.

"खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "त्यांचा आवाज विसरत चाललेय मी. चेहरा फोटोत आहे. आवाज कुठे बघायचा? कधी आठवायला जाते तर दुसऱ्याच कोणाचा तरी येतो, बातम्या सांगणाऱ्याचा नाहीतर बसच्या कंडक्टरचा."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी फार बोलतो. मी त्यांना पुरुषाच्या आवाजावर व्याख्यान दिलं. पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला, जुनी टेप, त्यात खिडकीची गडबड. स्वच्छ, बारीक आवाजाचे पीस नेमका तो खालचा आवाज खातात. तेव्हा तुम्हाला जड आवाजाचा पीस हवा. असं म्हणून ज्याच्या वाटेला जाऊ नका म्हणून मी जगाला सांगतो, तोच, खोक्यावर बेस-बेस अशी बोंब मारणारा पीस मी त्यांना बदलून दिला. माझ्या पांडित्यावर माझाच इतका विश्वास बसला होता, की त्या गेल्यावर मी बराच वेळ खुशीत होतो.

मग मी त्यांची वाट बघायला लागलो. वाट बघायचं काही कारण नव्हतं. पीस चांगला लागला तर त्या येणार नाहीत, आणि मी तर चांगला लागावा असंच म्हणत होतो. तरी जिन्यावरून हळू पावलं उतरली की मी मान वर करायचो. दवाखान्यातला कोणीतरी गालाला रुमाल लावून निघून जायचा.

एका दुपारी त्या आल्या. यावेळी लगेच बसल्या नाहीत. जड आवाजाचा पीस काचेवर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"याच्यातही नाही," त्या म्हणाल्या. "याच्यात मी एकटीच बोलते."

मला कळेना. त्यांनी सांगितलं, की इअरफोन लावला की त्यांचा स्वतःचा आवाज अगदी स्वच्छ येतो. भांड्यांचा आवाज येतो, नळ येतो. त्या म्हणतात, हो. मग काहीच नाही. मग म्हणतात, नाही. मग पुन्हा काही नाही. मग, तिथेच आहे बघा. असं एकटीचंच चाललेलं. शेवटी त्या म्हणतात, बरं, तसंच करीन. हे कशाला म्हटलं, काय करीन म्हटलं, काही म्हणजे काही आठवत नाही. कितीदा ऐकून पाहिलं. मनानेच प्रश्न घालून पाहिले, एकही जुळत नाही.

"घरी अशीही मी एकटीच बोलते," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी वायर कशाला हवी?"

मी पैसे परत करतो म्हणालो, ते त्यांना ऐकूही गेलं नसावं. त्यांनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांत थोडा वेळ धरला आणि माझ्यापुढे ठेवला. तुम्हीच ऐकून बघा, म्हणाल्या. घरातलं आहे, पण ऐका.

मी हात पुसले. पिन घातली, दोन्ही बाजू कानांत घातल्या आणि सुरू केलं. डावीकडे भांडी वाजत होती. उजवीकडे रस्ता, कुठलातरी हॉर्न, मग एक बारीकसा खोकला आणि एक सावकाश, जाडसर, मायेचा आवाज. तो म्हणाला, अगं, ऐकू येतंय का. डावीकडून बाई म्हणाल्या, हो. मी लगेच इअरफोन काढले. दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं मला.

"येतोय की," मी म्हणालो. "स्वच्छ येतोय. आधी खोकतात आणि मग बोलतात."

वाटलं होतं, बाईंना आनंद होईल. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मागे हात नेऊन स्टूल चाचपलं आणि त्यावर बसल्या.

"तुम्हाला येतो," त्या म्हणाल्या. "मग मलाच येत नाही."

तक्रार नव्हती ती. रागही नव्हता. एखाद्या नंबरवर कोणी उचलत नाही हे बोर्डावरून जसं सांगत असतील, तसं सांगितलं.

त्यांनीच मग माझ्या हातातून इअरफोन घेतला. रुमालाने पुसला. डावी बाजू डाव्या कानात घातली, उजवी बाजू हाताच्या मुठीत बंद केली, आणि स्टूल जरासं सरकवून दाराकडे तोंड करून ऐकायला लागल्या. मी बघत राहिलो आणि मग कपाळावर हात मारून घेतला. एवढं साधं, आणि मी पट्ट्या, खालचा आवाज, वरचा आवाज करत बसलो होतो.

मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. बाई, याच्यात दोन बाजूंना दोन वेगळे आवाज येऊ शकतात. तुमचा माइक वेगळा, त्यांचा वेगळा. तुमचा डावीकडे आलाय, त्यांचा उजवीकडे. फोनच्या स्पीकरवर दोन्ही एकत्र होतात, म्हणून तिथे घर्रघर्र का होईना, ते होते. तुम्ही डावी बाजूच ऐकता, म्हणून तुम्ही एकट्याच. ते तुमच्या मुठीत आहेत.

बाईंनी मुठीकडे पाहिलं. "लोक आयुष्यभर तेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. पण मूठ उघडली नाही. मी म्हटलं, घाला की आता उजव्या कानात. त्या मुठीकडेच बघत राहिल्या. मला घाई झाली होती, जरा चिडूनच म्हटलं, अहो घाला, बघताय काय.

"उजव्यात नाही घालता येत मला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. बोर्डावर डोक्याला जे अडकवायचं ते एकाच कानाचं. डावा कान लायनीला, उजवा खोलीला. खोलीत घंटा वाजते, मागून मोठी बाई हाक मारते, दारातून कोणीतरी धावत येतं, ते सगळं उजव्याने ऐकायचं. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला हेच शिकवायचं: एक कान गेला तरी चालेल, दुसरा द्यायचा नाही. एक पोरगी थंडी वाजते म्हणून उजव्या कानावरून रुमाल बांधून बसली, तर तिला तिथल्या तिथे उठवलं होतं. इतकी वर्षं तसं काढल्यावर उजव्या बाजूला काही लागलं की छातीत धडधडतं, म्हणाल्या. इअरफोन घेतला तेव्हा दोन बाजू का असतात, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. एक आपली, एक जास्तीची, शर्टाला जास्तीचं बटण देतात तशी.

आणि घरीही तेच. यजमान कार्यक्रम आटोपून यायचे तोवर सगळीकडे निजानीज झालेली. किल्ली ते हमखास हरवायचे. बेल वाजवली तर शेजारी उठतील, म्हणून दारावर नुसतं नख वाजवायचे. ते ऐकू यावं म्हणून बाई डाव्या कुशीवर झोपायच्या, उजवा कान वर ठेवून. अजूनही तशाच झोपतात.

माझ्या जिभेला हाड नाही, हे बायको सांगत आली आहे. मी म्हणालो, "आता कोण येणार आहे, बाई?"

"कोणी नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते मला माहीत आहे. कानाला माहीत नाही."

मी काचेच्या कपाटाला वळसा घालून बाहेर आलो. दुकानाच्या तोंडाशी, पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, दार मी बघतो. कोणी आलं, कोणी हाक मारली, नख वाजवलं, काहीही झालं तरी तुमच्या खांद्याला हात लावून सांगतो. तुम्ही आत भिंतीकडे तोंड करून बसा आणि निवांत ऐका.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बोर्डावर रजा घेताना बदली बाईकडे असंच बघत असतील, हिला जमेल का म्हणून. मग उठून स्टूल फिरवलं, दाराला पाठ केली आणि मूठ उघडली. उजवी बाजू कानात घातली. रबर बसलं तशी त्यांची मान एकदम खाली गेली.

मी दार बघत होतो, म्हणजे बघायला हवं होतं. पण मी त्यांच्या पाठीकडेच बघत होतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हो." मोठ्याने, दोन्ही कान बंद असलेला माणूस बोलतो तसं. मग म्हणाल्या, "नाही." मग हसत, "तिथेच आहे बघा." टेपमधली बाई जे बोलत होती तेच, तिच्या बरोबरीने; पण आता मधल्या जागा रिकाम्या नव्हत्या. खांदे थोडे हलत होते. वरून शिकवणीची मुलं धडधडत उतरली, त्यातलं त्यांना काही कळलं नाही. मग त्या एकदम स्तब्ध झाल्या. शेवटचं वाक्य त्या म्हणाल्याच नाहीत.

इअरफोन काढून माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे वाहत होते, आणि पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"त्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "अगदी त्यांचाच. मी दुसऱ्या कोणाचा तरी आठवत होते."

मी विचारलं, की शेवटी काय म्हणतात ते. त्यांनी पिशवीतला रुमाल काढला, तो हातातच ठेवला.

"किल्ली करून आणली होती त्यांनी, नवीन. म्हणाले, आता किल्ली आहे माझ्याकडे. तू आपली दाराकडे कान लावून पडत जाऊ नकोस, निवांत झोपत जा. मी म्हटलं, बरं, तसंच करीन."

"मग?"

"मग काय. किल्ली त्यांनी त्याच महिन्यात हरवली," बाई म्हणाल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. "कुठल्याशा शाळेत, माइकच्या पेटीत राहिली म्हणाले. आणि मीही काही तसं केलं नाही."

त्या दिवशी मी त्यांना तो बेसवाला पीस नेऊ दिला नाही. पहिलाच, साध्या वायरचा, स्वच्छ आवाजाचा पीस परत दिला आणि रबर बदलून दोन्ही कानांत नीट बसतो का, ते दोनदा पाहिलं.

मला वाटलं होतं, काम झालं, आता त्या येणार नाहीत. पण दुसऱ्या दुपारी त्या हजर. घरी दोन्ही कान लावून बसले, म्हणाल्या, पण जमेना, दर वाक्याला उजवा काढून दाराकडे बघत होते. तिथे दार बघायला कोणी नाही. इथे थोडा वेळ बसले तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्टूल तुमचंच आहे. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, दुपारी बोलायला माणूस झालं.

तेव्हापासून त्या येतात. स्टूल फिरवतात, दाराला पाठ करतात, दोन्ही कान लावतात. यजमान खोकतात, विचारतात, बाई उत्तरं देतात. मग परत पहिल्यापासून. मी कपाटामागे बसलेला असतो. एकदा विचारलं, चहा मागवू का, तर उत्तर नाही. मोठ्याने विचारलं, तरी नाही. पहिल्या दिवशी मान वळवून, उजवा कान माझ्याकडे करून त्यांनी माझं सगळं भाषण ऐकलं होतं, ते मला आठवलं. या दुकानात आलेल्या माणसांपैकी समोरच्यासाठी एक कान मोकळा ठेवणारं माणूस हे एकच होतं, आणि तो कान मीच माझ्या हाताने, माप बघून, नीट बुजवून दिला होता.

वाईट वाटतं का, तर वाटतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की काही बोलवत नाही. कधीकधी मीही बोलत राहतो. नातवाला दात आला, बायको फोनवर काय म्हणाली, वायरींचा नवा माल कसा फुसका निघाला, असं काहीबाही. त्या मध्येच हो म्हणतात, नाही म्हणतात. ते मला नसतं, पण ऐकायला बरं वाटतं.

ऐकून झालं की त्या इअरफोन काढतात, रुमालाने पुसतात, वायर बोटांभोवती गुंडाळतात. मग माझ्याकडे वळून, त्या सुट्या सुट्या शब्दांत, रोज एकच विचारतात.

"कोणी आलं होतं?"

"नाही," मी सांगतो. "मी बघत होतो. कोणी नाही आलं."

त्या मान हलवतात आणि पिशवी उचलून जातात. मी स्टूल सरळ करून ठेवतो आणि मग बराच वेळ दाराकडे बघत बसतो.